दिवाळीला घरी आलेली पोरं परत कॉलेजात का जात नाहीत?

प्रति,
खान्देशातल्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि प्रथम वर्षाला शिकवणारे सर्व प्राध्यापक,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

सप्रेम नमस्कार.

शहादा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, पण बारावीचा निकाल लागला की पोरं आणि त्यांचे आईबाप अजून माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. सीईटीचा स्कोअर, कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी हे सगळं आम्ही एकेक करून उरकतो आणि पोरं तुमच्याकडे पाठवतो. त्यानंतर काय होतं त्याबद्दल हे पत्र आहे.

दरवर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले की बाजारात मला एखादा असा चेहरा दिसतो, जो त्या वेळी तुमच्या वर्गात असायला हवा होता. काही वर्षांपूर्वी असाच एक पोरगा कापसाच्या काट्यावर दिसला. धडगावच्या बाजूचा, पावरा आदिवासी कुटुंबातला, दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेला. मेकॅनिकलला प्रवेश मिळाला म्हणून त्याच्या बापाने मला महूच्या (मोहाच्या) फुलांची पिशवी आणून दिली होती. मी विचारलं, "अरे, कॉलेज?" तो म्हणाला, "जातो सर, दोन दिवसांत." तो गेला नाही. मी पुढे तीन-चार वेळा गाठला तेव्हा हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणिताच्या, पहिल्या चाचणीत वीसपैकी तीन मार्क पडले होते. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते. शिष्यवृत्तीचा अर्ज आधारशी जोडलेल्या खात्याच्या घोळात अडकला होता. आणि एका तासाला सरांनी त्याला उभं करून मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे काय ते इंग्रजीत विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

हे शेवटचं ऐकून मला रात्री झोप लागली नाही. कारण हाच पोरगा अकरावीत माझ्या वर्गात उठून म्हणाला होता, "सर, आमच्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं चाक असंच आहे. वजन सगळं कडेला. हँडल मारताना जीव जातो, पण एकदा फिरलं की थांबता थांबत नाही." मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरत्या वस्तूचं जडत्व, याहून चांगलं मलाही समजावून सांगता आलं नसतं. पोराला विषय येत होता. त्या विषयाचं नवं नाव त्याला ऐनवेळी आठवलं नाही, एवढंच.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्याला कोणी काढून टाकलं नव्हतं. तो नापासही झाला नव्हता, सत्राची परीक्षा अजून व्हायची होती. तो दिवाळीला घरी आला आणि परत गेला नाही. वर्गात एक बाक रिकामा झाला आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहिली.

दिवाळीच का, याचा मी बराच विचार केला. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, तास सुरू व्हायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. म्हणजे दिवाळीपर्यंत पोराच्या पदरात दीड-दोन महिन्यांचं न समजलेलं शिकणं, पहिल्या चाचणीचे मार्क आणि मेसची उधारी पडलेली असते. इकडे घरी कापूस फुटलेला असतो, वेचायला माणूस मिळत नाही. नंदुरबार, धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवर आणि चाळीसगावच्या बाजूला मुकादमाची उचल घेतलेली असते, ऊसतोडीची टोळी निघायला टेकलेली असते. धाकट्या भावंडांपाशी कोणीतरी थांबायला हवं असतं. अशा वेळी कॉलेजात आपली वाट बघणारं कोणी आहे असं पोराला वाटलं, तर ते पिशवी उचलतं. वाटलं नाही, तर आईचं एक वाक्य पुरतं. एका आईने माझ्यासमोरच आपल्या लेकीला सांगितलं होतं, "माय, तुले जमत नही ते ऱ्हाऊ दे, घर ये."

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. राजर्षी शाहू महाराज योजनेत फीची प्रतिपूर्ती होते. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांसाठी शिक्षण शुल्क माफीच्या जागा आहेत. वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी पोरांसाठी स्वयम् आणि अनुसूचित जातीच्या पोरांसाठी स्वाधार योजना आहे. जुलै २०२४च्या निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. याचा फरक मी डोळ्यांनी पाहतोय. आधी माझ्या ओट्यावर मुलींचे बाप येत, आता मुली स्वतः येतात. पण या योजना बहुतेक फीचा प्रश्न सोडवतात, आणि तोही पैसा हातात पडेपर्यंत महिने जातात. पोरगं मात्र पहिल्या चार महिन्यांतच हातचं जातं. ते चार महिने मंत्रालयाच्या हातात नाहीत. तुमच्या हातात आहेत, म्हणून पत्र तुम्हाला.

पहिली गोष्ट भाषेची, आणि तिथे आधी माझीच चूक सांगतो. अकरावी-बारावीचं पुस्तक इंग्रजी होतं, पण मी मराठीतच समजावत राहिलो. पोरांना विषय कळला की माझं काम झालं असं मानलं. सीईटीत भौतिक आणि रसायनाचे प्रश्न मराठीतून घेता येतात, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. तेवढ्यापुरतं इंग्रजी आम्ही घोटून घेतलं. इंग्रजीत प्रश्न विचारायला, अडलं ते सांगायला, चुकत चुकत उत्तर द्यायला मी त्यांना कधी शिकवलंच नाही. तो खड्डा आम्ही ठेवला आणि पोरं तुमच्या दारात येऊन त्यात पडतात.

मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला २०२१-२२ पासून परवानगी आहे, पुण्याच्या एका महाविद्यालयात संगणक शाखेचा तसा वर्गही सुरू झाला. मी ते मागत नाही. आमच्या पोरांना इंग्रजी हवंच आहे, त्यांना त्यातून सूट नको. मागणं इतकंच, की पहिल्या सत्रात प्रत्येक नवी कल्पना एकदा मराठीतही सांगा. मोमेंटम म्हणजे तुम्ही नववीत शिकलात तोच संवेग, अॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, एवढं म्हटलं तरी बाकावरचे दहा-पंधरा चेहरे उजळतील. पहिल्या सत्राची तोंडी परीक्षा पोराला हव्या त्या भाषेत द्या. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकं मोफत आहेत. त्यांच्या छापील प्रती ग्रंथालयात ठेवा, आणि त्या तिथे आहेत हे वर्गात येऊन सांगा. माझ्या पोरांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट तुमच्या नोटीस बोर्डावरच्या यादीची. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी 'स्लो लर्नर' आणि 'अॅडव्हान्स्ड लर्नर' अशा याद्या करतात, हे मला माहीत आहे. पण एका कॉलेजात ती यादी नावांसकट बोर्डावर लागली होती आणि माझ्या त्या पोराचं नाव तीत तिसरं होतं. पहिल्या चाचणीवरून, दीड महिन्यात. ती यादी वाचून कोणी जास्त अभ्यास करत नाही. यादीतली पोरं ज्यादा तासाला बसत नाहीत, कारण त्या खोलीत जाताना कोण कोण बघतंय इकडेच त्यांचं लक्ष असतं.

यावर एक जुना अनुभव तुमच्यासमोर ठेवतो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मोठ्या प्रमाणात मागे पडत होते. पोरांना जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरी वातावरण नाही, अशी कारणं प्राध्यापकांनी दिली. आपल्या स्टाफरूममध्ये हीच तीन वाक्यं मी किती वेळा ऐकली आणि किती वेळा बोललोही. उरी ट्राइसमन नावाचा एक संशोधक विद्यार्थी मात्र पोरं प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात ते बघायला त्यांच्यामागे गेला. कृष्णवर्णीय पोरं कष्ट करत होती, पण एकेकटी, खोलीचं दार लावून. यशस्वी होणारी चिनी वंशाची पोरं एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत, आपण कुठे उभे आहोत ते त्यांना रोज कळत असे. ट्राइसमनने मागे पडणाऱ्यांचा वर्ग काढला नाही. त्याने पोरांना गटाने बसवून नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली, आणि ती पोरं टिकली, चांगल्या मार्कांनी पुढे गेली.

आपल्याकडचं पोरगं असंच एकटं पडतं. वसतिगृहातल्या खोलीत चौघं असली तरी एकटं. आश्रमशाळेत रात्री कंदिलासारख्या एका बल्बखाली वीस जण गोल करून अभ्यास करायची सवय असलेला पोरगा अभियांत्रिकीला आल्यावर भिंतीकडे तोंड करून बसतो, कारण आपल्याला येत नाही हे दुसऱ्याला दिसू नये. संध्याकाळी सहा ते आठ एक वर्ग उघडा ठेवा. पाच-पाच पोरांचे गट करा. प्रत्येक गटात शहरातलं, गावातलं, डिप्लोमा केलेल्याचं धाकटं भावंड, अशी सरमिसळ असू द्या. त्यांना एम-वनची अवघड गणितं द्या आणि तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी सोबत बसवा, शक्यतो असा, जो स्वतः पहिल्या वर्षी केटी लागून उभा राहिला आहे. त्याला 'कमवा आणि शिका'तून मानधन द्या. आज त्या योजनेतून पोरांना बागेला पाणी घालायला आणि फायली लावायला लावतात. त्याच पैशात एक पोरगा दुसऱ्या पाच जणांना शिकवू शकतो आणि शिकवताना स्वतःही पक्का होतो.

आता पैशाचं. लोकांना वाटतं अभियांत्रिकी लाखांच्या फीमुळे सुटते. मी पाहिलेली पोरं तीन-चार हजारांवर सुटली आहेत: मेसची दोन महिन्यांची बाकी, ड्राफ्टर आणि शीट्स, फाइल-जर्नल, खोलीचं डिपॉझिट, दिवाळीला घरून परत यायचं भाडं. शिष्यवृत्ती येईपर्यंतचा हा काळ ओलांडायला कॉलेजने एक छोटा उचल-निधी ठेवावा. शिष्यवृत्ती जमा झाली की पोरगं परत करील. अर्जाला पानभर कारणं लावू नका, वर्गशिक्षकाच्या एका सहीवर त्याच दिवशी पैसे मिळू द्या. आणि फी थकली म्हणून पोराची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नका. यूजीसीने त्याला मनाई केली आहे, तरी पोरं माझ्याकडे येऊन रडतात.

निधी कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. चाळीसगावजवळच्या पाटणला चला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ सिद्धांतशिरोमणी आणि त्या घराण्याचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याचा शके ११२८चा शिलालेख आहे. वरचा भाग संस्कृतात आणि शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत. त्या मराठी ओळींमध्ये हिशेब आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा कर मठाला द्यायचा, आणि जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात गणित आणि ज्योतिष शिकणाऱ्या पोरांचा दिवा बाजारपेठेच्या तेलावर जळत होता. मी पहिल्यांदा तो मजकूर वाचला तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आजही जगात हेच चालतं. भारतातून अमेरिकेत इंजिनिअर नेणाऱ्या कंपन्या एच-वन-बी व्हिसासाठी जी फी भरतात, तिचा एक हिस्सा तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे जातो. त्यातून एस-स्टेम या कार्यक्रमात गरीब घरांतल्या अमेरिकन पोरांना विज्ञान-अभियांत्रिकीच्या शिष्यवृत्त्या मिळतात. नुसता पैसा वाटणाऱ्या कॉलेजला ते अनुदान मिळत नाही. मार्गदर्शक प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचे गट यांची आखणीही दाखवावी लागते. आपल्या पोरांच्या व्हिसाच्या फीवर तिथली गरीब पोरं शिकतात, याचं मला वाईट वाटत नाही. पण जळगावच्या डाळमिल, सोन्याची पेढी, पाइपचे कारखाने, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी, नंदुरबारचा मिरचीचा बाजार, यांना जोडून तुमच्या कॉलेजला असा निधी उभा करता येणार नाही का? दरवर्षी नुसते सत्कार होतात. एखाद्या वर्षी सत्काराऐवजी प्राचार्यांनी व्यापाऱ्यांसमोर पाटणचा तो हिशेब वाचून दाखवावा.

मुलींबद्दल एक बारीकशी, बिनपैशाची सूचना आहे. फी माफ झाल्याने मुली येऊ लागल्या, पण सगळ्यांना वसतिगृह मिळत नाही, कित्येक जणी एसटीने ये-जा करतात. साडेपाचला सुटणारं प्रॅक्टिकल म्हणजे त्यांच्या गावची शेवटची गाडी चुकणं. दोनदा गाडी चुकली की घरून बंदी येते. ये-जा करणाऱ्या मुलींची प्रॅक्टिकलची बॅच सकाळची ठेवा. वेळापत्रक लावणाऱ्या सरांनी पहिल्या आठवड्यात एकदा विचारलं की झालं.

बीएस्सीची पोरं या सगळ्यात आणखी मागे राहतात, कारण त्यांच्याबद्दल कोणी पत्रसुद्धा लिहीत नाही. अभियांत्रिकी परवडली नाही म्हणून बीएस्सीला आलेली, असाच शिक्का त्यांच्यावर असतो. पण बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या पोराला केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. आयआयटीत एमएस्सी करायला जॅमची परीक्षा आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या पोरांसाठी कार्यक्रम आहे. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. माझ्याकडे येणारी द्वितीय वर्षाची पोरं यातलं एकही नाव ऐकून नसतात. प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वर्षाला दोन शिफारसपत्रं लिहायचं ठरवलं आणि अर्जाची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली, तर तोरणमाळच्या उतारावरचं पोरगं एका उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत उभं राहू शकतं. परत आल्यावर ते पोरगं तेच राहत नाही, हे मी दोन जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर जण आदिवासी आहेत. साक्रीच्या माळावर सव्वाशे मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग फिरते. पहिल्या सत्रात एक दिवस पोरांना तिथे घेऊन जा. आपल्या डोंगरावर जे फिरतंय ते कोण बांधतं आणि कोण दुरुस्त करतं, ते त्यांना दिवाळीच्या आधी दिसू द्या.

शेवटी एक विनंती, ती याच वर्षी करता येण्यासारखी आहे. दिवाळीनंतर तास सुरू होतील त्या पहिल्या दिवशी हजेरी घ्या आणि जी नावं ओ देणार नाहीत त्यांची चिठ्ठी करा. त्याच दिवशी फोन करा. ऑफिसच्या क्लार्कला सांगू नका, जे शिकवतात त्यांनीच करा. फोन बहुतेक बापाचा असेल, आणि दिवसा तो शेतात किंवा डोंगरात असतो, तिथे रेंज येत नाही. संध्याकाळी सातनंतर लावा. बाप उचलेल, "कोण?" म्हणून विचारील. तुमचं नाव सांगा, कॉलेजचं सांगा, आणि पोराला फोनवर बोलवा.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार